कुलपातले गाणे

इंदूरला आमच्या घरी काकांचे एक लाकडी कपाट आहे. त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला असते. आत टेपची चौदा रिळे आहेत. खाजगी बैठकींत मुद्रित झालेले उस्ताद अमीर खाँसाहेबांचे गाणे! आधी पंख्याची घरघर, कुणाचे तरी खोकणे, आणि मग तो धीरगंभीर षड्ज. गेल्या दिवाळीत काकांनी एक रीळ लावले, तर फितीवरचा थर सुटून यंत्राला चिकटला. अर्धा राग गेला. काका बराच वेळ बोलले नाहीत.

तेव्हापासून एक प्रश्न मला छळतो आहे : हे गाणे कुणाचे?

कुणी म्हणेल, खाँसाहेबांच्या तबकड्या मिळतात की! मिळतात, पण किती? होळकर दरबारच्या शाहमीर खाँ सारंगियांचा हा मुलगा १९१२ साली जन्मला आणि १९७४ साली कलकत्त्याला मोटार-अपघातात गेला. त्यांच्या हयातीत निघालेल्या लाँग प्ले तबकड्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९६० च्या तबकडीत एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. प्रत्येकास सुमारे वीस मिनिटे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत तर तीन-साडेतीनच! उलट, खाँसाहेबांची सारी मातब्बरी अतिविलंबित झूमऱ्यात. चौदा मात्रांचे ते संथ आवर्तन, त्यात एकेका स्वराची सावकाश बढत. कंपनीच्या घड्याळात हे मावावे कसे? म्हणून त्यांचे ऐसपैस गाणे या खरखरत्या, अप्रकाशित फितींतच शोधावे लागते, असे माझे मत आहे.

काका म्हणतात, बैठकीतले गाणे बाजारासाठी नव्हते. आक्षेप खोटा नाही. ते विकण्यास माझाही विरोध आहे. वारसांची संमती घ्यावी, मूळ फीत जपावी, प्रत ग्रंथालयात अभ्यासकांना ऐकू द्यावी, आणि खरखर काढण्याच्या नादात तंबोरा पुसू नये. पण ‘आमच्याकडचा मारवा तुमच्याकडे नाही’ या तोऱ्याला रसिकता कसे म्हणावे?

शिवाय खुद्द खाँसाहेब घडले कसे? अब्दुल वहीद खाँची विलंबित लय, देवासच्या रजबअली खाँची तान, अमानअली खाँचा मेरुखंड, हे सारे त्यांनी ऐकून-ऐकून आपलेसे केले. त्या तिघांचे गाणे कुणी कुलपात ठेवले असते, तर अमीर खाँ झालेच नसते.

मित्रहो, आपल्या कानडी विभागातील स्नेह्यांच्या घरीही धारवाड-हुबळीकडची अशी रिळे माळ्यावर पडली असतील. देवासला स्थायिक झालेले कुमार गंधर्व मूळचे बेळगावजवळच्या सुळेभावीचेच ना? गाणे प्रांत ओलांडते. माळ्यावरची बुरशीही ओलांडते. तेव्हा या सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा.

मीही काकांपुढे पुन्हा बसणार आहे. चौदांपैकी तेरा रिळे उरली आहेत.