स्टुडबेकर : ऐरणीवर उभा राहिला, हिशेबात बुडाला

मोठा कारखाना बंद पडला की लोक सहज म्हणून जातात, मोठ्या माशाने लहान माशाला गिळले. अमेरिकेच्या स्टुडबेकर मोटार कंपनीबद्दलही हेच बोलले जाते. फोर्ड आणि जनरल मोटर्सपुढे तिचा निभाव लागला नाही, हे खरे आहे. पण आमच्या मते ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी गोष्ट हिशेबाच्या वहीत आहे आणि हाताने काम करणाऱ्या माणसाने ती जरूर वाचावी.

१८५२ साली इंडियाना राज्यातील साउथ बेंड गावी हेन्री आणि क्लेमेंट या दोन भावांनी लोहारकामाचे दुकान काढले. भांडवल होते ६८ डॉलर. घोड्यांना नाल ठोकायचे, गाड्या दुरुस्त करायच्या, जमली तर एखादी नवी गाडी बांधायची. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला. तिथे त्याने सोने खणले नाही. खणणाऱ्यांसाठी एकचाकी हातगाड्या बनवल्या. १८५८ साली तो ८,००० डॉलर घेऊन परतला आणि ते पैसे त्याने धंद्यात घातले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धात सैन्याला गाड्या पुरवून या भावांचे नाव देशभर झाले.

काळ बदलला तसे हे लोक बदलले. १९०२ साली त्यांनी विजेवर चालणारी मोटार काढली, १९०४ साली पेट्रोलवर चालणारी. घोडागाड्या बनवणे त्यांनी १९२० साली थांबवले. म्हणजे जुना धंदा चालू ठेवून त्यांनी नवा धंदा उभा केला. घोडागाडीचे कित्येक कारखानदार मोटार आल्यावर नामशेष झाले, स्टुडबेकर टिकली. हुनर होते आणि दूरदृष्टीही होती.

मग चुकले कुठे? आमच्या मते दोन ठिकाणी.

पहिली चूक मंदीच्या काळातली. अध्यक्ष अल्बर्ट अर्स्काइन यांना वाटले, मंदी लवकरच सरेल. १९३० साली कंपनीने झालेल्या नफ्याच्या कितीतरी पट लाभांश भागधारकांना वाटला. हा नफा नव्हता, गाठीचे भांडवल होते. मार्च १९३३ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि जुलैमध्ये अर्स्काइन यांनी आत्महत्या केली. पॉल हॉफमन आणि हॅरॉल्ड व्हान्स यांनी काटकसरीने कंपनी सावरली. दुसऱ्या महायुद्धात तिचे ट्रक रशियापर्यंत गेले.

दुसरी चूक आम्हांला अधिक गंभीर वाटते. १९५० साली कंपनीने कामगारांना पेन्शन कबूल केले. मागच्या नोकरीची वर्षेही त्यात धरली. पण त्यांची रक्कम पुढे अनेक वर्षांत थोडी थोडी भरायची होती. वचन आज, पैसा उद्या. १९५४ साली कंपनी अडचणीत आली तेव्हा ती वाचावी म्हणून कामगारांनी पगारातील कपातही मान्य केली. तरीही डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला. पेन्शनच्या निधीत पुरेसा पैसा नव्हता. निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना पूर्ण रक्कम मिळाली. त्याखालच्या वयाच्या सुमारे ४,००० हक्कदार कामगारांच्या हाती डॉलरमागे १५ सेंट पडले. बाकीच्यांना काहीच मिळाले नाही. मार्च १९६६ मध्ये कॅनडातील कारखान्यात शेवटची स्टुडबेकर मोटार तयार झाली.

कंपनीने कायदा मोडला नव्हता. कायदाच अपुरा होता. साउथ बेंडच्या या कामगारांची आठवण ठेवूनच अमेरिकेत १९७४ साली पेन्शन संरक्षणाचा कायदा झाला. पण त्यांचे गेलेले पैसे त्या कायद्याने परत आले नाहीत.

म्हणून आम्ही म्हणतो, स्टुडबेकरला केवळ स्पर्धेने मारले असे समजू नका. स्पर्धा कोणाला चुकली आहे? दुकान लहान असो की कारखाना मोठा, गल्ल्यातली रक्कम नफ्याची की भांडवलाची, हे मालकाला रोज ठाऊक हवे. आणि जो कारागीर आपल्याकडे वीस वर्षे राबला, त्याला कबूल केलेली रक्कम आपली नसून त्याची अमानत आहे. ती तोंडाने कबूल करून भागत नाही. दर महिन्याला बाजूला काढून ठेवावी लागते.