नावाचा अर्थ : अब्दुल

नुसते 'अब्दुल' हे पूर्ण नाव नव्हे, याची पुष्कळांना कल्पना नसते. अरबीत 'अब्द' म्हणजे सेवक. 'उल' हा अंश पुढील ईश्वरवाचक शब्दाशी सांधा जुळवितो. अब्दुल करीम म्हणजे उदार परमेश्वराचा सेवक. मिरजेस वास्तव्य केलेले गायक अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. पुढे 'र' आल्यास 'ल'चा 'र' होतो : अब्दुर्रहीम, दयाळूचा सेवक. दोहेकार रहीम (१५५६-१६२७) यांचे हेच मूळ नाव. आपल्याकडील 'देवीदास' याची घडण अशीच. देवीला वगळून नुसते 'दास' म्हणावे, तसेच नुसते 'अब्दुल' म्हणणे होय. म्हणून शेजाऱ्याचे नाव पुरते उच्चारावे; त्यात अर्थही राहतो आणि मानही.