काळ्या मांजराचा फोटो

घरातले मांजर काळे असले की मुलांची तक्रार ठरलेली. फोटोत ते दिसतच नाही! दोन पिवळे दिवे आणि त्यांच्याखाली काळा गोळा. मग थोरली ताई मोबाईलवर बोट फिरवून फोटो उजळ करते आणि काळे मांजर राखाडी होऊन बसते. आई पाहते आणि म्हणते, हे आपले मांजर नव्हेच. आमच्या मते आईचे म्हणणे बरोबर आहे, आणि या खेपेस आम्ही तिचीच बाजू मांडणार आहोत.

कॅमेरा असे का करतो, ते आधी समजून घ्यावे. समोरून येणारा उजेड मोजून सगळ्या चित्राचा मेळ मध्यम करड्या छटेवर आणणे, ही त्याची जुनी रीत. मांजर दारात उजेडाकडे पाठ करून बसले, तर मागचा लख्ख उजेडच हिशेबात धरला जातो आणि मांजराचा कोळसा होतो. उलट जवळ जाऊन सगळा फोटो काळ्या केसांनी भरला, तर कॅमेऱ्याला वाटते इथे अंधारच आहे. तो उजेड वाढवतो आणि काळ्याचे करडे होते. आजचे मोबाईल पुष्कळ हुशार झाले, तरी ही खोड पुरती गेलेली नाही. त्यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर मांजराच्या तोंडावर बोट टेकवावे. बऱ्याच मोबाईलमध्ये शेजारी सूर्याचे चिन्ह येते, ते वरखाली सरकवून केस खरोखर काळे दिसतील तिथे थांबावे.

दहा बाय बाराच्या खोलीत उजेडाची वाट बहुधा एकच, दार किंवा खिडकी. तेवढी पुरते. सकाळच्या वेळी मांजराचे तोंड दाराकडे तिरपे असावे आणि आपण दाराच्या बाजूला जमिनीवर बसावे. उभे राहून काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि कान येतात. हातात सुकटीची पुडी असली तर मान आपोआप वर होते. उजेड एका कुशीवरून आला की काळ्या केसांवर चकाकी उठते आणि अंगाचा आकार कळतो. डोळेही पाहण्यासारखे असतात. भर उन्हात बाहुली बारीक उभी रेघ होते, मंद उजेडात गोल पसरते. मांजराला मागचे पाय धरून ओढत मात्र आणू नये. ओरखडे पडतात ते फोटोपेक्षा जास्त दिवस टिकतात.

फ्लॅश मुळीच वापरू नये. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत शिरलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून त्याला अंधुक उजेडातही दिसते. फ्लॅशचा उजेडही तसाच परत येतो आणि डोळ्यांचे हिरवे-पिवळे दिवे होतात. रात्री ट्यूबखाली फोटोवर आडवे काळसर पट्टे येतात तेही मोबाईल बिघडल्यामुळे नव्हे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. काही स्वस्त एलईडी दिवेही तसेच.

काळ्याला उजळ करण्याची ही घाई एकट्या मांजरापुरती नाही, म्हणून आम्ही एवढे लिहितो आहोत. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्यांना एक नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा चेहरा नीट आला की रंग नीट जमले असे धरत. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात नव्हतेच. 2021 साली गूगलला आपल्या मोबाईल कॅमेऱ्यात सावळ्या कातडीसाठी मुद्दाम सुधारणा जाहीर करावी लागली, यावरून काय ते समजावे. आपल्याकडच्या स्टुडिओंनी तर मागणी नसताना नवरीला गोरे करून दिले आहे! आता तेच काम मोबाईलमधले फिल्टर फुकटात करतात. मूल मांजराला घेऊन बसलेले असेल तर दोघांनाही एकदमच.

तेव्हा फोटो सुधारायचा तो बेताने. आधी मूळ फोटोची प्रत बाजूला ठेवावी. चौकट कापून मांजर जवळ आणावे. मग सगळा फोटो उजळ न करता फक्त डोळ्यांभोवतीचा भाग किंचित उजळावा. स्नॅपसीड या फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये ‘सिलेक्टिव्ह’ नावाची सोय आहे, ती यासाठीच. सावल्या फार उचलल्या तर काळ्या केसांत रांगोळी सांडल्यासारखे ठिपके उठतात. तिथे हात आवरावा.

आणखी एक गोष्ट हल्ली फार दिसते. नव्या मोबाईलमध्ये फोटोतली नको ती वस्तू पुसून टाकता येते. मुले पहिल्या झटक्यात काय पुसतात? दांडीवरचे कपडे, मोरीतला पिंप, भिंतीची ओल. मांजराच्या नाकावर वायर आली असेल तर ती खुशाल पुसा. पण ज्या गोधडीवर ते रोज झोपते, ज्या पिंपाच्या झाकणावर चढून बसते, ते पुसून मागे कुठल्या तरी बंगल्याचा पडदा लावला तर मांजर राहिले कुठे? वीस वर्षांनी ही खोली राहील का, सांगता येत नाही. मांजर तर तोवर नक्कीच नसेल. तेव्हा मुलांना त्या पिंपावरूनच सगळे आठवेल.

चांगला उतरलेला एखादा फोटो कागदावर छापून घ्यावा. चार बाय सहा इंचाला 1200 बाय 1800 ठिपके असले की भागते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून बारीक होतो, म्हणून छपाईसाठी डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. दुकानदाराला आधीच सांगून ठेवावे की यंत्राची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद ठेव, मांजर काळेच आहे. नाही सांगितले तर ते यंत्रही त्याला राखाडी करून देईल.