सट्टा करू नका, पेन्शन मात्र बाजारात ठेवा!

लखनौच्या हजरतगंजात टपाल खात्याचे जीपीओ आहे, रेल्वेच्या दोन विभागांची कार्यालये आहेत आणि जुने कॉफी हाऊस आहे. (काकोरीचा खटला ज्या रिंग थिएटरात चालला, तीच आजची जीपीओची इमारत, हे रेल्वे-टपाल कामगारांनी ध्यानात ठेवावे.) या कॉफी हाऊसात वर्षानुवर्षे राजकारण आणि साहित्यावर वाद झडले. आता हजरतगंज असो की आपले बोरीबंदर, ड्युटी सुटल्यावरच्या चहाला विषय वेगळाच असतो : निफ्टी कुठे जाणार, निर्यात का घटली, रुपया सावरणार का. चर्चा मैत्रीची असते. एकजण टीप देतो, दुसरा चहाचे पैसे देतो.

मैत्रीला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या आकड्यांवर ही मैफल रंगते, त्यांची पत काय? १६ डिसेंबर २०२४ रोजी वाणिज्य मंत्रालयाने नोव्हेंबरची व्यापार तूट ३७.८४ अब्ज डॉलर असल्याचे जाहीर केले. तोवरचा तो उच्चांक होता. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स हजाराहून अधिक अंकांनी कोसळला. कारणे अनेक होती, पण बाजाराच्या पंडितांनी त्यांत तुटीचा हा आकडाही धरला. जानेवारीत सरकारनेच दुरुस्ती केली. सोन्याची आयात १४.८ नव्हे, ९.८४ अब्ज डॉलरची होती! संगणकप्रणाली बदलताना काही माल दोनदा मोजला गेला होता. चूक चाळीस हजार कोटी रुपयांहून मोठी.

आता आमच्या काउंटरवरच्या साथीकडे पाहा. संध्याकाळी हिशेबात पन्नास रुपये कमी भरले तर ते त्याने खिशातून भरायचे. बुकिंग क्लार्कचीही तीच गत. वर लेखी खुलासा वेगळाच!

आणि या खेळात जिंकते कोण? सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले की मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के बुडाले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. त्याच बाजारात २०२३-२४ या एका वर्षात दलालपेढ्यांनी स्वतःच्या खात्यावर सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, तेही बहुतांशी यंत्रांकरवी सौदे करून. टेबलावरची टीप या यंत्रापुढे किती टिकणार?

जुन्या साथींना यूएस-६४ आठवत असेल. सरकारी छाप असलेली, पगारदारांची लाडकी योजना. जुलै २००१ मध्ये तिची फेरखरेदी एकाएकी थांबवण्यात आली आणि निवृत्तीचे पैसे ठेवलेले लोक हवालदिल झाले.

सर्वांत संतापजनक गोष्ट पुढेच आहे. टपाल कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९६४ च्या आचरण नियमांतील आणि रेल्वेच्या १९६६ च्या नियमांतील नियम १६ सांगतो की सरकारी नोकराने शेअर्समध्ये सट्टा करू नये. वारंवार खरेदी-विक्री केली तर तोही सट्टाच समजला जातो. मोबाईलवर रोज सौदे करणाऱ्या तरुण साथींनी हे वाचून ठेवावे, चार्जशीट हातात पडेल तेव्हा टीप देणारा मित्र शेजारी नसेल. पण १ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्या त्याच नोकराचे पेन्शन त्याच सरकारने बाजाराच्या चढउताराला बांधले! पगारातून दरमहा १० टक्के कापायचे, निवृत्तीला किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी घ्यायला लावायची आणि वार्षिकीचा दर काय मिळेल ते त्या दिवशी कळणार. स्वखुशीने खेळलात तर गुन्हा, सक्तीने खेळवले तर सुधारणा!

कामगारांचा रेटा वाढला तेव्हा १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा पर्याय द्यावा लागला. २५ वर्षांच्या नोकरीला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे पेन्शन, ही हमी त्यात आहे. ती कोणत्या टीपेने मिळाली नाही. पण १० टक्क्यांची कपात कायम आहे. जुन्या पेन्शनमध्ये ती नव्हती.

म्हणून आमचे शाखांना सांगणे आहे : पुढच्या गेट मीटिंगला २००४ नंतरच्या प्रत्येक साथीने आपले एनपीएसचे विवरणपत्र घेऊन यावे. कपात किती झाली, आज वार्षिकी घेतली तर महिन्याला किती पडतील आणि त्याच पगारावर जुने पेन्शन किती झाले असते, हे तीन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत. चहा शाखेकडून.