सरसनिरस वाटप

भावंडांच्या वाटपाच्या दाव्यात पहिला प्रश्न असतो तो मिळकत कोणाची आणि ती आली कशी, हा. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. ठाण्याच्या नौपाड्यात वडिलांनी पगारातून, प्रॉव्हिडंट फंड काढून घेतलेला दोन खोल्यांचा ब्लॉक बोलण्यात सर्रास ‘वडिलोपार्जित’ ठरतो. कायद्याने ती वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ती पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई यांना सारख्या हिश्शाने जाते. म्हणजे मुलींचा हा हक्क १९५६ पासूनचा आहे. मात्र कुटुंब राहत असलेल्या घराचे वाटप भावांनी ठरवल्याशिवाय बहिणीला मागता येऊ नये, अशी अट कलम २३ मध्ये होती. हिस्सा द्यायचा आणि मागायची सोय ठेवायची नाही, हा अन्याय २००५ साली ते कलम वगळले जाईपर्यंत चालला.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा हिशेब वेगळा. तिच्यात महाराष्ट्राने १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

आईचा हिस्सा मात्र अजूनही विसरला जातो. सांगलीच्या कोर्टात गेलेल्या एका दाव्यातले खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झाले असे धरले, तर वडील, आई आणि दोन मुलगे यांना एकेक चतुर्थांश. वडिलांचा चतुर्थांश पुन्हा सहा वारसांत, म्हणजे प्रत्येकी १/२४. खालच्या न्यायालयाने हिराबाईंच्या पदरात एवढेच टाकले होते. आईचा स्वतःचा चतुर्थांश आणि हा १/२४ मिळून होणारा ७/२४ हिस्सा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली कायम केला.

पुनर्विकासाचा करार पुढे आला की बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते. भाऊबीजेला ओवाळताना ‘मला काही नको’ म्हटल्याने हक्क सुटत नाही. स्थावरातला हक्क नोंदणीकृत दस्तानेच सोडता येतो. पण दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा झाला की तो हक्क परत मिळवणे फार कठीण. आपला हिस्सा किती, हे समजल्यावरच ही सही व्हायला हवी. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असले तरी त्याने मालकी येत नाही. बाकीच्या वारसांचे हक्क शाबूत राहतात.

सहमती झाली नाही तर प्रकरण कोर्टनाक्यावर जाते. दाव्यातली मागणी ठरलेली: सरसनिरस मानाने वाटप होऊन स्वतंत्र कब्जा मिळावा. सरस म्हणजे रस्त्याकडची, उजेडाची बाजू. निरस म्हणजे मागची, गटाराकडची. एकाच्या वाट्याला सगळे सरस येऊ नये, एवढा न्याय या एका शब्दात आहे. कोर्ट हिस्से ठरवून प्राथमिक हुकूमनामा करते. तिथेच दावे वर्षानुवर्षे पडून राहत, म्हणून अंतिम हुकूमनाम्याचे काम कोर्टाने वेगळ्या अर्जाची वाट न पाहता पुढे न्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. मग कोर्टाने नेमलेला कमिशनर टेप घेऊन येतो. एका मोरीच्या, एका स्वयंपाकघराच्या ब्लॉकचे चार तुकडे पडत नाहीत. अशा वेळी १८९३ चा वाटणीचा कायदा लागू होतो. निम्मे किंवा अधिक हिस्से असलेल्यांनी मागणी केली तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते. मात्र घर सोडायला तयार नसलेल्या भावाला किंवा बहिणीला, कोर्टाने ठरवलेल्या किमतीत ते हिस्से स्वतः विकत घेण्याची मागणी करता येते.