काकडीचा काय गुन्हा?

२०११ साली जर्मनीत ई. कोलाय जिवाणूनं ५० हून जास्त माणसं गेली. बोट दाखवलं स्पेनच्या काकडीकडं. काकडीवर ई. कोलाय सापडला खरा, पण तो वेगळ्या वाणाचा निघाला. पुढं माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. तोवर काकडीवाल्यांचा माल सडून गेला होता.

पीक एक, वाण वेगळे, हे आपल्याला तुरीत कळतं, जिवाणूचंही तसंच. आता जिवाणूची सगळी जनुकं वाचून जवळचे वाणही वेगळे ओळखता येतात. म्हणून माझं म्हणणं, रुग्णातला आणि मालावरचा जिवाणू जुळल्याशिवाय कुणाचा माल बदनाम करू नका. आणि जुळला, तर आपणही पळवाट काढायची नाही.