‘भाई, इसमें काउंटर नै चलता क्या?’

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेला चार जुने संगणक मिळाले. एका कार्यालयाने नवे घेतले, जुने आम्हाला दिले. त्यांवर विंडोज 10 होतं. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चं नेहमीचं पाठबळ बंद केलं, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या संगणकांत दोन्ही नव्हतं. अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार पेनड्राइव्ह लावतो, ‘क्रॅक’ टाकतो, दोनशे-तीनशे रुपये घेतो. मी म्हणालो, असं करायचं नाही. चारही संगणकांवर लिनक्स मिंट टाकलं.

पहिल्या दिवशी मुलामुलींसमोर मी छोटं भाषणही ठोकलं. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये फिनलंडमध्ये लिनक्सची सुरुवात कशी केली, मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं फुकट नाही तर वापरण्याचं, तपासण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य, वगैरे. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दहावीतल्या एका मुलाने विचारलं, “भाई, इसमें काउंटर नै चलता क्या?”

काउंटर म्हणजे काउंटर-स्ट्राइक. मी म्हणालो, “नाही चालत. आणि हे अभ्यासासाठी आहेत, खेळण्यासाठी नाहीत.”

दोन आठवड्यांत मुलं यायची थांबली. तिसऱ्या आठवड्यात पाहिलं तर एका संगणकावर पुन्हा विंडोज होतं, क्रॅक केलेलं. मला राग आला. कोणी केलं ते मला लगेच कळलं, कारण त्या वयात मीही तेच केलं असतं.

माझा राग उतरला तो नंतर, खरी गोष्ट कळल्यावर. काउंटर-स्ट्राइक 1.6, म्हणजे ज्या खेळाला मी ‘नाही’ म्हणालो होतो, तो लिनक्सवर 2013 पासून चालतो. कुठल्याही खटपटीशिवाय. आमच्या जुन्या संगणकांवरसुद्धा. मी तपासलंच नव्हतं. मला माहीत नव्हतं म्हणून मी नाही म्हणालो नव्हतो. तो प्रश्नच मला फालतू वाटला होता.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. लिनक्स ‘कठीण’ आहे अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. त्यातली बरीच कठीणता यंत्रात नसून आमच्यासारख्या, ते लोकांपर्यंत नेणाऱ्या माणसांत आहे.

माझं स्वतःचं आठवतो. मी संगणक शिकलो तो पुस्तकातून नाही. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळत शिकलो. खेळ अडकला की ड्रायव्हर म्हणजे काय ते कळलं. जागा पुरेना तेव्हा हार्ड डिस्कचे भाग कसे पाडतात ते कळलं. चार मित्रांनी एकत्र खेळायचं तर संगणक एकमेकांना जोडावे लागतात, तिथे नेटवर्क शिकलो. आज ज्या कामावर माझं घर चालतं, त्याची सुरुवात तिथे आहे. आणि मीच त्या मुलाला सांगत होतो की खेळ नको, अभ्यास कर.

खेळ आणि लिनक्स यांचा इतिहासही हेच शिकवतो. विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी वाइन नावाची यंत्रणा 1993 पासून आहे. (नाव ऐकून आमच्या एका चाचांच्या भुवया वर गेल्या होत्या. त्यांना सांगावं लागलं की हा ‘वाइन इज नॉट अॅन इम्युलेटर’चा संक्षेप आहे, प्यायचा काही संबंध नाही.) वाइनवर खेळ चालायचे, पण प्रत्येकासाठी तासन्‌तास झगडावं लागायचं. 2013 मध्ये वॉल्व्ह या कंपनीने आपलं खेळांचं दुकान, स्टीम, लिनक्सवर आणलं. 2015 मध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ बाजारात आली आणि आपटली. कारण साधं होतं. खेळ बनवणाऱ्यांनी आपापले खेळ लिनक्ससाठी नव्याने तयार करावेत अशी अपेक्षा होती. गिऱ्हाईक नाही म्हणून ते खेळ करेनात, आणि खेळ नाहीत म्हणून गिऱ्हाईक येईना.

2018 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उलटा रस्ता धरला. वाइनच्याच पायावर प्रोटॉन तयार झालं. खेळ बनवणाऱ्याने काही करायचं नाही, खेळणाऱ्यानेही काही शिकायचं नाही. स्टीममध्ये ‘इन्स्टॉल’ दाबायचं, मधला सगळा अनुवाद प्रोटॉन करतं. 2022 मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र याच्याच बळावर चालतं. ते वापरणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरतोय हे ठाऊकही नसेल. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर 2025 मध्ये पहिल्यांदा 3 टक्क्यांच्या पुढे गेला. आकडा लहान आहे, पण स्वातंत्र्यावरची आमची भाषणं ऐकून तो वाढलेला नाही. ‘माझा खेळ चालेल का’ हा प्रश्न कोणीतरी गंभीरपणे घेतला म्हणून वाढला.

आता अडचणीही सांगतो, नाहीतर तुम्ही लिनक्स टाकाल आणि मला शिव्या द्याल. व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. अशा खेळांत फसवेगिरी पकडणारा पहारेकरी प्रोग्रॅम असतो. व्हॅलोरंटचा तर विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून बसतो आणि लिनक्सला जुमानत नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या यंत्रणा 2021 पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण ती परवानगी खेळाच्या कंपनीने द्यावी लागते. एपेक्स लेजंड्सने ती दिली होती, 2024 मध्ये काढून घेतली. दुसरी अडचण जुन्या संगणकाची. प्रोटॉन ज्या व्हल्कन तंत्रावर उभं आहे ते दहा-बारा वर्षांपूर्वीच्या इंटेल ग्राफिक्सला नीट पेलत नाही. म्हणून आमच्या संगणकांवर जुने खेळ झकास चालतात, नव्यांची आशा नको. आपला खेळ चालतो का ते आधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर बघा. तिथे खेळणाऱ्यांनी स्वतःचे अनुभव नोंदवलेले असतात.

प्रश्न खेळांपुरता नाही. बारावीतल्या एका मुलीला एमएस-सीआयटीची तयारी करायची होती. “भाई, क्लासमध्ये बटणं वर पट्टीत असतात, इथे कुठेयत?” मी म्हणालो, शोध, सापडतील. खरं तर लिब्रे ऑफिसमध्ये ‘व्ह्यू’मधून तशी पट्टी आणता येते, दोन क्लिकचं काम. ते मी पहिल्याच दिवशी करून ठेवायला हवं होतं. मराठी टायपिंगची कळपाटी, उर्दूसाठी नस्तालीक फाँट, प्रिंटर, सगळं लिनक्सवर होतं. नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट मोफत आहे आणि छान दिसतो. पण हे सगळं ‘होतं’ आणि तिला ‘मिळालं’ यात माझ्या अर्ध्या दिवसाच्या कामाचं अंतर होतं. तो अर्धा दिवस मी दिला नव्हता, भाषणाला मात्र दिला होता.

आपल्या चळवळीतल्या मित्रांना यात काही ओळखीचं दिसतंय का? लोकांसाठी काय चांगलं आहे ते आम्हाला पक्कं माहीत असतं. त्यांना आज काय हवंय ते विचारायचं राहून जातं. मग लोक आले नाहीत की आम्ही म्हणतो, समाजात जागृतीच नाही.

केरळचं उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. तिथल्या सरकारी शाळांतले संगणक दोन दशकांपूर्वीच मुक्त सॉफ्टवेअरकडे वळले. पण सीडी वाटून ते झालं नाही. शिक्षकांना शिकवलं, मल्याळममधून शिकवलं, अभ्यासक्रम त्यावर बेतला. 2018 पासून ‘लिटल काइट्स’ नावाची मुलांची मंडळं शाळाशाळांत आहेत. तिथे अडलेल्या मुलाच्या शेजारी कोणीतरी बसतं. सोपेपणाचा मोठा हिस्सा हा असतो.

आता क्रॅकबद्दल. ताटातल्या मांसाचा हलाल-हराम आपण बारकाईने विचारतो. चोरलेल्या सॉफ्टवेअरवर मजहबी व्याख्यानाचं पोस्टर बनवताना कोणी विचारत नाही. मी फतवा देणारा कोण? पण व्यवहाराची गोष्ट सांगू शकतो. क्रॅक टाकताना पहिली सूचना असते, ‘अँटीव्हायरस बंद करा’. म्हणजे चोराला आत घेताना कुत्रं आपणच बांधायचं. त्याच संगणकावर मग आपण शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, आधारचा नंबर टाकतो, अम्मीच्या खात्यातली रक्कम बघतो. दोष फक्त मुलांचा नाही. त्याला हवं ते सरळ मार्गाने मिळतं हे आम्ही त्याला दाखवलं नाही, म्हणून तो आडमार्गाने गेला.

चुका उमगल्यावर आम्ही काउंटर-स्ट्राइक रीतसर विकत घेतला आणि लावला. मुलं परत आली. लगेच दोन हरकती आल्या.

पहिली एका ज्येष्ठांची. “या खेळात एक टोळी टेररिस्ट असते. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या अभ्यासिकेत हे? बाहेरचे काय म्हणतील?” ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, तिच्यामागे अनुभव आहे. पण हाच खेळ शहरातल्या कुठल्याही कॉलनीत पोरं खेळतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. आपल्या मुलांनी कायम इतरांच्या संशयाच्या हिशोबाने जगावं हे मला मान्य नाही. आम्ही दार उघडं ठेवलं आणि पालकांना बोलावून खेळ दाखवला. त्या चाचांनीही एक डाव बघितला.

दुसरी हरकत जास्त खरी होती, आणि ती मुलींची होती. मुलं परतली तसे चारही संगणक त्यांनी धरले. मुली दारातून बघून परत जायला लागल्या. मी एकाची सोय केली आणि दुसरीची हिसकावली. आता चार ते सहा ही वेळ मुलींची आहे. त्या वेळेत त्या टायपिंग करतात, अर्ज भरतात आणि सुपरटक्सकार्टच्या शर्यतीही लावतात. त्यांनाही खेळायचं असतं, हेही मी विचारलं नव्हतं.

तुमच्या गल्लीत एखादा जुना संगणक धूळ खात असेल तर लिनक्स टाकून बघा. पण टाकण्याआधी जो वापरणार आहे त्याला विचारा की पहिल्या दिवशी तुला काय चालू हवंय. तो ‘गेम’ म्हणाला तर गेम लावा. ती म्हणाली टायपिंग, तर कळपाटी लावून द्या. टर्मिनल पहिल्या महिन्यात उघडूच नका. आणि टाकल्यावर निघून जाऊ नका, निदान महिनाभर आठवड्यातून एकदा शेजारी बसा.

ज्या मुलाने विंडोज परत टाकलं होतं, त्याला मी रागावलो नाही. त्याला म्हणालो, तूच आता चौथ्या संगणकावर मिंट टाक. त्याने दीड तास घेतला, दोनदा चुकला, मला हात लावू दिला नाही. परवा वायफाय बंद पडलं तेव्हा मुली मला नाही, त्याला हाक मारत होत्या.